ट्रान्सलिनिअर सर्किट: बेळगाव सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि दुरुस्तीवाल्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातली डिप्लोमा आणि बीईची मुलं, तसंच बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी यंत्रणा) आणि कंट्रोल पॅनेल दुरुस्त करणारी मंडळी, यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पीयूसीपर्यंतचं (कर्नाटकातली अकरावी-बारावी) गणित आणि ट्रान्झिस्टरची तोंडओळख एवढ्यावर पुढचं सगळं समजतं.

ट्रान्सलिनिअर सर्किट म्हणजे नेमकं काय?

ज्या सर्किटमध्ये माहिती व्होल्टेजमध्ये नसून करंटमध्ये असते आणि ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर जंक्शनच्या घातांकी स्वभावाचा वापर करून त्या करंटचा गुणाकार, भागाकार, वर्ग किंवा वर्गमूळ काढलं जातं, ते ट्रान्सलिनिअर सर्किट. व्होल्टेज इथे फक्त आतल्या आत काम करतं आणि तेही जेमतेम दहा-वीस-पन्नास मिलिव्होल्टने हलतं. म्हणूनच ही सर्किटं वेगवान असतात. वायरिंगमधली कपॅसिटन्स मोठ्या व्होल्टेजने चार्ज-डिस्चार्ज करत बसावं लागत नाही.

हे कोणी शोधलं?

बॅरी गिल्बर्ट यांनी. टेक्ट्रॉनिक्स या मोजयंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ऑसिलोस्कोपच्या सर्किटांवर काम करताना त्यांनी करंट-मोड गुणाकाराची पद्धत बसवली आणि १९६८ मध्ये चारही चतुर्थांशांत (म्हणजे दोन्ही इनपुट अधिक किंवा उणे असले तरी) चालणाऱ्या गुणकावरचा त्यांचा प्रसिद्ध लेख आला. ‘ट्रान्सलिनिअर’ हे नाव त्यांनी १९७५ मध्ये दिलं. ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे बेस-एमिटर व्होल्टेज हललं की करंट किती हलतो ते प्रमाण, कलेक्टर करंटच्या सरळ प्रमाणात असतो, त्यावरून हे नाव. २७ अंश तापमानाला १ मिलिअँपिअर करंट असेल तर ट्रान्सकंडक्टन्स दर व्होल्टला सुमारे ३९ मिलिअँपिअर. करंट दुप्पट केला की तोही दुप्पट. पुढे गिल्बर्ट यांनी अ‍ॅनालॉग डिव्हायसेसमध्ये दीर्घकाळ काम केलं.

तत्त्व सोप्या शब्दांत सांगाल का?

बेस-एमिटर जंक्शनांची एक बंद साखळी, म्हणजे लूप, घ्या. लूपभोवती फिरताना काही जंक्शनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तोंड करून असतील, काही उलट. दोन्ही दिशांची संख्या सारखी हवी. सगळी जंक्शनं फॉरवर्ड बायस असतील, एकसारखी असतील आणि एकाच तापमानाला असतील, तर एका दिशेच्या करंटांचा गुणाकार हा उलट दिशेच्या करंटांच्या गुणाकाराइतका असतो. चार जंक्शनांसाठी:

आय१ × आय२ = आय३ × आय४

किरचॉफचा व्होल्टेजचा नियम सांगतो की लूपभोवतीच्या व्होल्टेजची बेरीज शून्य. प्रत्येक जंक्शनचं व्होल्टेज हे करंटच्या लॉगच्या प्रमाणात असतं. लॉगची बेरीज म्हणजे मूळ आकड्यांचा गुणाकार. पीयूसीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला लॉग टेबल काढून तुम्ही जे करता, तेच हे लूप आपोआप करतं.

सर्वांत छोटं ट्रान्सलिनिअर लूप तुम्ही आधीच शिकलेले आहात: करंट मिरर. एका दिशेला एक जंक्शन, दुसऱ्या दिशेला एक. म्हणून आय१ = आय२. एका ट्रान्झिस्टरचा एमिटर चौपट मोठा केला तर करंटही चौपट. क्षेत्रफळाचा हा हिशोब मोठ्या लूपलाही तसाच लागू होतो.

एकदा आकडे घालून दाखवा.

समजा एका जातीच्या चार ट्रान्झिस्टरांत १०० मायक्रोअँपिअरला बेस-एमिटर व्होल्टेज बरोबर ६०० मिलिव्होल्ट येतं. २७ अंशाला थर्मल व्होल्टेज, म्हणजे लॉगला गुणणारा आणि फक्त तापमानावर ठरणारा आकडा, २५.८५ मिलिव्होल्ट धरा. करंट दुप्पट झाला की व्होल्टेज २५.८५ गुणिले २ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे १७.९ मिलिव्होल्टने वाढतं. निम्मा झाला की तेवढंच कमी होतं.

आता पहिल्या ट्रान्झिस्टरमधून २०० मायक्रोअँपिअर सोडा: ६१७.९ मिलिव्होल्ट. दुसऱ्यातून ५०: ५८२.१ मिलिव्होल्ट. बेरीज १२००. समोरच्या बाजूला दोन्ही ट्रान्झिस्टरांतून समान करंट जाईल अशी जोडणी केली असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ६०० मिलिव्होल्ट, म्हणजे १०० मायक्रोअँपिअर. २०० गुणिले ५० म्हणजे १०,०००, आणि त्याचं वर्गमूळ १००. कुठलाही प्रोसेसर नाही, प्रोग्रॅम नाही, आणि वर्गमूळ निघालं.

हे उदाहरण वहीत स्वतः एकदा सोडवा. करंट दुसरे घ्या, ३०० आणि ३० घ्या. एकदा हाताखालून गेलं की पुढचं कुठलंही ट्रान्सलिनिअर सर्किट बघितल्यावर डोळे आधी लूप शोधतात.

जंक्शनचं व्होल्टेज तापमानाने बदलतं. मग उत्तर बदलत नाही का?

हा प्रश्न जो विचारतो त्याला विषय कळायला लागला आहे असं समजावं.

एकाच करंटला बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशामागे साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. थर्मल व्होल्टेजही केल्विन तापमानाबरोबर वाढतं. पण लूपमध्ये दोन्ही बाजूंना सारखीच जंक्शनं असल्यामुळे सॅच्युरेशन करंट (जंक्शनच्या घातांकी सूत्रातला, तापमानाने बदलणारा गुणक) दोन्हीकडून कटतो आणि थर्मल व्होल्टेज सगळ्यांना समान म्हणून तोही बाहेर पडतो. उरतात फक्त करंट. उद्यमबागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यातली दुपार असो किंवा खानापूरकडची डिसेंबरची पहाट, २०० आणि ५० च्या गुणाकाराचं वर्गमूळ १०० च येतं. साध्या लॉग अ‍ॅम्प्लिफायरला तापमानाची भरपाई वेगळी करावी लागते, इथे ती रचनेतच आहे. या सर्किटांचं खरं सौंदर्य मला इथेच दिसतं.

अट एकच, पण कडक: सगळी जंक्शनं एकमेकांच्या तापमानाला हवीत. खोली कितीही तापू दे, चौघंही सारखे तापले पाहिजेत. एक ट्रान्झिस्टर बाकीच्यांपेक्षा फक्त १ अंश गरम झाला तर २ मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि २ मिलिव्होल्ट म्हणजे करंटमध्ये सुमारे ८ टक्के चूक. ब्रेडबोर्डवर सुट्या ट्रान्झिस्टरांचं लूप लावून त्यातल्या एकाला नुसतं चिमटीत धरून बघा. बोटाच्या उबेने मीटरवरचा आकडा चालायला लागतो, सोडलं की हळूहळू परत येतो.

मग सुटे बीसी५४७ वापरता येतील की नाही?

समजून घेण्यासाठी येतील, मोजमापासाठी नाही. दोन सुट्या ट्रान्झिस्टरांच्या व्होल्टेजमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक सहज असतो आणि १ मिलिव्होल्टमागे जवळपास ४ टक्के चूक येते. एकाच पट्टीतले, एकाच बॅचचे घ्या, मल्टिमीटरने जुळवा, सपाट बाजू एकमेकींना चिकटवून बांधा, परिस्थिती सुधारते. तरी एकाच सिलिकॉनवर शेजारी शेजारी बनलेल्या ट्रान्झिस्टरांची सर त्याला येत नाही. ट्रान्सलिनिअरची कल्पना आयसीच्या जमान्यातच का बहरली, त्याचं कारण हेच.

ट्रान्झिस्टरऐवजी १एन४१४८ डायोड चालतील?

नाही. अशा डायोडचा स्वभाव आदर्श घातांकी नियमापासून बराच दूर असतो, करंट दहापट केल्यावर ६० मिलिव्होल्टपेक्षा खूप जास्त व्होल्टेज वाढतं. डायोड हवा असेल तर ट्रान्झिस्टरचा बेस आणि कलेक्टर जोडून करा.

चुका आणखी कुठून येतात?

तीन ठिकाणं लक्षात ठेवा. पहिलं, बेस करंट: सूत्र कलेक्टर करंटचं आहे, पण बेस आपला वाटा कुठून तरी घेतोच. बीटा (कलेक्टर करंट भागिले बेस करंट) १०० असेल तर दर ट्रान्झिस्टरमागे १ टक्का, आणि मोठ्या करंटच्या ट्रान्झिस्टरचा बेस जर छोट्या करंटच्या वायरीतून घेत असेल तर त्याहून बरंच जास्त. दुसरं, अर्ली इफेक्ट: कलेक्टरवरचं व्होल्टेज वेगवेगळं असेल तर सारख्या बेस-एमिटर व्होल्टेजलाही करंट थोडा वेगळा येतो.

तिसरं ठिकाण मुलं विसरतात. एमिटरच्या आतला आणि वायरिंगचा रेझिस्टन्स. १ ओहम धरला तर १०० मायक्रोअँपिअरला तो ०.१ मिलिव्होल्ट खातो, फारसं बिघडत नाही. १ मिलिअँपिअरला १ मिलिव्होल्ट, म्हणजे ४ टक्के. १० मिलिअँपिअरला १० मिलिव्होल्ट, आणि तिथे चूक तब्बल ४७ टक्क्यांवर जाते, कारण ती घातांकाने वाढते. करंट दहापट, चूक दहापटीहून जास्त. ‘सिग्नल मोठा घेतला की अचूकता वाढेल’ हा सरळ विचार इथे उलटा पडतो. फार कमी करंट घेतला तर सर्किट मंदावतं. सुट्या भागांच्या प्रयोगाला १० ते ५०० मायक्रोअँपिअरचा पट्टा बरा.

गिल्बर्ट सेल आणि ट्रान्सलिनिअर गुणक एकच का?

बोलताना लोक एकच धरतात, पण फरक आहे. सहा ट्रान्झिस्टरांचा जो गाभा रेडिओच्या मिक्सरमध्ये (दोन फ्रिक्वेन्सी मिसळणाऱ्या भागात) दिसतो, खाली एक डिफरन्शिअल जोडी आणि वर तारा उलटसुलट जोडलेल्या दोन जोड्या, त्यासारखी रचना हॉवर्ड जोन्स यांच्या १९६३ मध्ये दाखल झालेल्या पेटंटमध्येही आहे. मिक्सर म्हणून वापरताना वरच्या जोड्या बहुतेक वेळा स्विचसारख्या चालतात, तेव्हा ट्रान्सलिनिअर नियमाची गरजच नसते. गिल्बर्ट यांची खरी भर म्हणजे इनपुटला डायोडसारखी जंक्शनं लावून सिग्नल आधी लॉगमध्ये वाकवायचा, म्हणजे जोडीचा घातांक तो सरळ करतो. वाकवणारी आणि सरळ करणारी जंक्शनं मिळून लूप पूर्ण होतं आणि गुणाकार अचूक होतो.

बाजारात मिळणाऱ्यांपैकी एमसी१४९६ हा साधा मॉड्युलेटर आहे. एडी६३३ हा पूर्ण गुणक आहे: दोन व्होल्टेजचा गुणाकार भागिले १० व्होल्ट इतकं आउटपुट देतो. ५ व्होल्ट आणि ४ व्होल्ट दिले तर २ व्होल्ट. डिप्लोमाच्या प्रोजेक्टला एसी पॉवर मोजायची असेल तर व्होल्टेज आणि करंटचे छोटे केलेले नमुने यात घाला आणि आउटपुटची सरासरी काढा. पॉवर फॅक्टरसकट खरी पॉवर मिळते.

आमच्या रोजच्या कामात याचा काय उपयोग? ड्राइव्ह दुरुस्तीत हे कुठे भेटतं?

ट्रू आरएमएस, म्हणजे करंटच्या वर्गाच्या सरासरीचं वर्गमूळ, मोजण्यात, आणि हा उपयोग आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

फाउंड्रीतल्या हीटरचं कंट्रोल घ्या, साखर कारखान्यातला थायरिस्टर ड्राइव्ह घ्या, वेल्डिंग मशीन घ्या. तिथला करंट साइन वेव्ह नसतो, थायरिस्टर तो मधूनच कापतो. स्वस्त क्लॅम्प मीटर काय करतो? करंट एकाच दिशेला वळवून त्याची सरासरी काढतो आणि तिला १.११ ने गुणून दाखवतो. हा १.११ आकडा फक्त शुद्ध साइन वेव्हसाठी बरोबर आहे.

थायरिस्टर प्रत्येक अर्धलहरीच्या मध्यावर, ९० अंशांवर, चालू होतोय असं धरा. पूर्ण लहरीला १०० अँपिअर असेल तर आता सरासरी निम्मी झाली, मीटर ५० दाखवणार. पण केबल ज्याने तापते तो आरएमएस करंट ७०.७ अँपिअर आहे. मीटर २९ टक्के कमी दाखवतोय. रीडिंग बघून केबल आणि फ्यूज निवडले तर केबल तापत राहते आणि ‘करंट तर कमीच आहे’ म्हणून सगळे डोकं खाजवतात. कापलेल्या लहरीवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ट्रू आरएमएस मीटर असलाच पाहिजे, यावर मी कुठलीच तडजोड मान्य करणार नाही.

एडी५३६ए आणि एडी६३७ सारख्या आयसी हे काम ट्रान्सलिनिअर पद्धतीने करतात. आलेला करंट आधी एका दिशेचा केला जातो. तो लागोपाठ दोन जंक्शनांतून जातो, म्हणजे लॉगची दोनदा बेरीज, म्हणजे वर्ग. समोरच्या बाजूला एका जंक्शनमधून आउटपुटचाच करंट वाहतो, म्हणजे भागाकार. चौथ्या जंक्शनमध्ये जे येतं ते ‘इनपुटचा वर्ग भागिले आउटपुट’. कपॅसिटर त्याची सरासरी काढतो आणि तीच सरासरी आउटपुट म्हणून परत भागाकारात जाते. आउटपुट गुणिले आउटपुट बरोबर वर्गाची सरासरी. वर्गमूळ वेगळं काढावंच लागलं नाही. वर्ग करणारी साधी सर्किटं मोठ्या सिग्नलला भरून जातात आणि लहान सिग्नलला गोंगाटात बुडतात. इथे भागाकार आधीच होत असल्यामुळे आकडे आवाक्यात राहतात.

साउंड अ‍ॅम्प्लिफायरमध्येही हे असतं म्हणतात, खरं का?

खरं. गणपतीच्या मंडपातल्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट स्टेजमध्ये वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर, आणि त्यांच्या बेसमध्ये बायससाठी दोन जंक्शनं असली, तर ती चार मिळून ट्रान्सलिनिअर लूपच आहे. वरच्या आणि खालच्या करंटचा गुणाकार कायम राहतो. शांत असताना दोघांत २० मिलिअँपिअर असेल आणि स्पीकरला १ अँपिअर गेला, तर दुसऱ्यात साधारण ०.४ मिलिअँपिअर उरतो. तो पूर्ण बंद पडत नाही, म्हणून क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम जाताना होणारी आवाजाची विकृती) कमी होतं. एमिटरमध्ये छोटे रेझिस्टर असले की हा हिशोब मोठ्या करंटला सैल होतो, पण मुद्दा तोच.

बायसचे डायोड किंवा ट्रान्झिस्टर हीटसिंकला घट्ट चिकटवलेले का असतात, याचं उत्तरही यातच आलं. दुरुस्तीत ते सुटून लोंबत राहिले तर आउटपुट तापतं, बायस तापत नाही, करंट चढतो, आउटपुट आणखी तापतं, आणि नवे टाकलेले ट्रान्झिस्टर तासाभरात जातात.

एलएम१३७०० या ट्रान्सकंडक्टन्स प्रकारच्या आयसीमधले इनपुटचे डायोड कशासाठी?

त्याच वाकवून-सरळ-करण्याच्या युक्तीसाठी. ते न वापरता इनपुट जोडी काही मिलिव्होल्टपर्यंतच सरळ चालते. डायोडमधून बायस करंट सोडला की बराच मोठा सिग्नल कमी डिस्टॉर्शनमध्ये चालतो. व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारं सर्किट बनवताना ते जरूर वापरा.

मॉसफेटने ट्रान्सलिनिअर सर्किट होतं का?

होतं, दोन प्रकारे. मॉसफेट थ्रेशोल्डच्या (तो नीट चालू होतो त्या गेट व्होल्टेजच्या) खाली चालवला तर त्याचाही करंट घातांकी असतो, फक्त दहापटीला ६० मिलिव्होल्टपेक्षा जास्त लागतात आणि करंट नॅनोअँपिअरमध्ये ठेवावा लागतो. मेंदूच्या धर्तीवरच्या, अत्यल्प वीज खाणाऱ्या चिपमध्ये हा मार्ग घेतात. थ्रेशोल्डच्या वर करंट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जातो, तेव्हा नियम बदलतो: गुणाकारांऐवजी करंटांच्या वर्गमुळांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी येते. सीव्हिंक आणि वीगेरिंक या संशोधकांनी १९९१ मध्ये हे व्यापक रूपात मांडलं.

लॉग-डोमेन फिल्टर म्हणजे?

लूपमध्ये कपॅसिटर आणला की गुणाकार-भागाकाराच्या पुढे जाऊन इंटिग्रेशन करता येतं. आतला सिग्नल लॉगमध्ये दबलेला, बाहेरचा मात्र सरळ. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९७९ मध्ये कल्पना मांडली, सीव्हिंक यांनी १९९० मध्ये आणि डग्लस फ्रे यांनी १९९३ मध्ये ती पुढे नेली. फिल्टरची फ्रिक्वेन्सी एका करंटने बदलता येते, हा मोठा फायदा.

सगळं मायक्रोकंट्रोलरने होत असताना हे शिकायचं कशाला?

पंख्याचा वेग मोजायचा असेल तर मायक्रोकंट्रोलरच घ्या, ट्रान्सलिनिअरच्या नादी लागू नका. पण शेकडो मेगाहर्ट्झच्या सिग्नलचा क्षणोक्षणी गुणाकार चार-सहा ट्रान्झिस्टरांत होत असेल तर तिथे त्याला तोड नाही. मोबाइल फोनच्या रेडिओ भागात गिल्बर्ट पद्धतीच्या मिक्सरचे भाऊबंद आजही बसलेले आहेत. आणि पॅनेलमध्ये आलेला पंचवीस वर्षं जुना कन्व्हर्टर कार्ड दुरुस्त करायचा असेल तर तो कसा विचार करतो हे माहीत असल्याशिवाय हात घालता येत नाही.

मराठी माध्यमातून आलो, बीईला सगळं इंग्रजीत. हा धडा डोक्यावरून जातो.

धड्यातली वाक्यं बाजूला ठेवा आणि आकृती घ्या. लाल पेनने लूपवर बाण काढत फिरा. बाणाच्या दिशेची जंक्शनं एका रकान्यात, उलटी दुसऱ्यात. प्रत्येकासमोर त्याचा करंट लिहा. दोन रकान्यांचे गुणाकार समान ठेवा आणि हवा तो करंट सोडवा. एवढं करायला कुठली भाषा आड येत नाही. उत्तर आलं की मग धडा वाचा. वाक्यं ओळखीची वाटायला लागतात. मनात विचार मराठीत करा, परीक्षेत उत्तर इंग्रजीत लिहा. सीमाभागातली मुलं घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी सहज सांभाळतात, हेही जमेल.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगा.

वर्ग काढणारं सर्किट करा. सीए३०४६ ही पाच ट्रान्झिस्टरांची अ‍ॅरे घ्या. बेळगावात नाही मिळाली तर पुण्या-मुंबईहून मागवा आणि आल्यावर पाचही ट्रान्झिस्टर डायोड रेंजवर तपासा. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून अधिक ९, शून्य आणि उणे ९ तयार करा.

आतल्या पहिल्या दोन ट्रान्झिस्टरांचा एमिटर एकच आहे, तो शून्याला जोडा. पहिल्याचा बेस-कलेक्टर एकत्र करा. तिसऱ्याचाही बेस-कलेक्टर एकत्र करून त्याचा एमिटर पहिल्याच्या बेसला द्या. वरून अधिक ९ पासून पॉट आणि रेझिस्टरमार्गे ‘एक्स’ करंट सोडा. सुमारे ७८ किलोओहमला १०० मायक्रोअँपिअर येतो. तिसऱ्याचा बेस चौथ्याच्या बेसला, चौथ्याचा कलेक्टर अधिक ९ ला, एमिटर दुसऱ्याच्या बेसला. त्याच एमिटरपासून उणे ९ कडे १०० किलोओहम लावा, हा ‘वाय’ करंट, जवळपास १०० मायक्रोअँपिअर. दुसऱ्याच्या कलेक्टरपासून अधिक ९ पर्यंत १० किलोओहम, त्यावरचं व्होल्टेज मोजा. पिन १३ हा सबस्ट्रेट आहे, तो उणे ९ ला जोडलाच पाहिजे. पाचव्याचा बेसही तिथेच बांधून टाका.

लूप बघा: एका बाजूला पहिला आणि तिसरा, दोन्हींत एक्स. दुसऱ्या बाजूला चौथ्यात वाय, दुसऱ्यात उत्तर. म्हणून उत्तर म्हणजे एक्सचा वर्ग भागिले वाय. एक्स ५० केला तर २५ मायक्रोअँपिअर, १० किलोओहमवर पाव व्होल्ट. १०० ला १ व्होल्ट. २०० ला ४ व्होल्ट यायला हवेत, पण बीटा १०० धरला तर नुसत्या बेस करंटमुळेच ३.८५ च्या आसपास येतील, कारण दुसऱ्याचा बेस चौथ्याच्या एमिटरमधून ४ मायक्रोअँपिअर ज्यादा ओढतो आणि वाय १०४ होतो.

रीडिंग सुरुवातीला बरोबर असतं, मग सरकत जातं. का?

आधी बॅटरी मोजा. ती ९ वरून ८ वर आली की एक्स आणि वाय दोन्ही बदलतात. बॅटरी ठीक असेल तर आयसीवर पंख्याचा वारा किंवा जवळ ठेवलेली सोल्डरिंग गन शोधा. आणि आकडा सरकत नसून थरथरत असेल तर आयसीच्या पिनजवळ दोन्ही सप्लायवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा, ब्रेडबोर्डवरच्या लांब वायरी कापून आखूड करा.